‘एसीत बसून उपदेश’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पुणे-मुंबईच्या बैठका ऑनलाइन घेऊन डिझेल वाचवा, असं मी लिहिलं त्यावर आपण तीन गोष्टी म्हणालात. डेटा सेंटरलाही वीज लागते. प्रत्यक्ष भेटल्याशिवाय विश्वास बसत नाही. आणि, “एसीत बसून उपदेश करणं सोपं असतं, कधी साइटवर जाऊन बघा.”

आधी माझी चूक. गाडी डिझेलची होती आणि मी पेट्रोलचा आकडा लावला, लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. डिझेलचा सुमारे २.७ येतो. लेखात दुरुस्त केलंय. त्याने माझं म्हणणं आणखी पक्कंच होतं, हेही आपण ध्यानात घ्यावं.

आता ते एसीचं वाक्य. मतभेद जरूर असावेत, पण ओळखदेख नसताना ही भाषा? अकरा वर्षं मी आठवड्यातून दोनदा पुण्याहून वांद्रे-कुर्ला संकुलात जात होतो. पहाटे पाचला निघायचं, मागच्या सीटवर ड्रॉइंगच्या गुंडाळ्या. बोरघाटात एखादा ट्रक बंद पडला की गाडी जागच्या जागी आणि इंजिन चालू. एकदा असाच पाच तासांनी पोहोचलो. समोरच्या साहेबांनी फ्लँजच्या (पाइप बोल्टने जोडायच्या चकतीच्या) ड्रॉइंगवर लाल पेनाने एक गोल काढला आणि म्हणाले, एम १६ नको, एम २० चे बोल्ट घ्या. म्हणजे १६ ऐवजी २० मिलिमीटर जाडीचे बोल्ट, त्यासाठी १८ मिलिमीटरचं भोक २२ करायचं. दहा मिनिटांत बैठक संपली. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर, वीस लिटर डिझेल, ५४ किलो कार्बन डायऑक्साइड. आज तसाच गोल समोरचा माणूस स्क्रीनवर काढतो आणि मी तिथल्या तिथे माप बदलतो.

आणि साइटचं मला सांगता? ऐन गाळप हंगामात साखर कारखान्याच्या बॉयलरशेजारी उभं राहून मापं घेतलीत मी. घामाने टेप हातातून निसटायची. जोडणीला आणि तपासणीला जावंच लागतं, हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय. तो आपण वाचला असता तर ते वाक्य लिहायची वेळ आली नसती.

डेटा सेंटरचं म्हणाल, तर ५० वॅटचा लॅपटॉप तासभर चालला की ०.०५ युनिट. आपल्याकडे युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे ३५ ग्रॅम. सर्व्हर, राउटर सगळं मिळून त्याच्या दहापट धरलं तरी अर्धा किलोसुद्धा होत नाही. विश्वास काय, ड्रॉइंग वेळेवर आणि बिनचूक दिलं की बसतो.

पुन्हा लिहाल तेव्हा लेख आधी पूर्ण वाचा. आणि गेल्या महिन्यात तुम्ही मुंबईच्या किती फेऱ्या मारल्यात, त्यातल्या कितींत वस्तूला प्रत्यक्ष हात लावावा लागला, तेवढं सोबत कळवा.