मोजलं वर, झिजलं खाली

आमच्या बोअरवेलच्या पंपाची (मोटर वर जमिनीवर, पंप खाली पाण्यात, मधे लांब शाफ्ट) रबरी बेअरिंग झिजली, त्यावर लिहिताना मी वाकड्या बोअरवर संशय घेतला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली, पण त्यात दाखवलेली माझी एक चूक पदरात घेतो. कंपनाचे आकडे दिले आणि ते कुठे घेतले हेच लिहायचं राहिलं. ते मोटरच्या डोक्यावर घेतलेले होते.

आता तुमचा मुख्य आक्षेप. कंपन मर्यादेत होतं, मग बोअरवर संशय कशाला. रबरी बेअरिंगच हलकी होती, ब्राँझची बसवायची की झालं.

मोटरवरचा आकडा साठ मीटर खालच्या शाफ्टबद्दल फारसं बोलत नाही. कॉलम, म्हणजे शाफ्टभोवतीचा पाणी वर आणणारा पाइप, आणि त्यातलं पाणी खालची थरथर वर येईपर्यंत गिळून टाकतात. उलटही घडतं. खाली सगळं ठणठणीत असतं आणि मोटर मात्र हलते, कारण डिस्चार्ज हेडवर (कॉलमच्या तोंडाशी पाणी बाहेर सोडणारा भाग) उभ्या मोटरची स्वतःची कंपनसंख्या फेऱ्यांच्या जवळ आलेली असते. मिनिटाला १४८० फेऱ्या म्हणजे सेकंदाला साधारण २४.७. पंप बंद ठेवून मोटरला रबरी हातोडीचा ठोका द्या, कंपन मोजायच्या मीटरवर तिच्या स्वतःच्या कंपनसंख्येचा आकडा दिसतो.

म्हणून मी आधी झीज पाहतो. शाफ्ट एकाच बाजूने घासलाय आणि बेअरिंग सगळीकडून सारखं झिजलंय, तर दोष शाफ्टबरोबर फिरतोय: शाफ्ट वाकडा, नाहीतर इंपेलरचा, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चाकाचा, तोल गेलेला. शाफ्ट गोल घासलाय आणि बेअरिंग एकाच बाजूला खाल्लंय, तर रेटा एका जागी स्थिर आहे: कॉलमच्या पाइपांचा सांधा तिरका बसलाय किंवा वाकड्या बोअरमध्ये कॉलमच वळलाय. आमच्याकडे हा दुसरा प्रकार होता. रबर हलकं असतं तर ते एकच बाजू निवडून कशाला झिजलं असतं?

पाण्याच्या पातळीच्या वर, कोरड्यात राहणारी दोन-तीन बेअरिंग तेवढी जळालेली मिळाली असती, तर कोरडा पंप सुरू केला म्हणून मी लगेच मान डोलावली असती. तशी एकही नव्हती.

ब्राँझचं म्हणाल तर पाण्यात वाळू होती. मऊ ब्राँझमध्ये कण रुततात आणि मग बेअरिंगच शाफ्टला कानशीसारखं घासतं. रबर दबतं, कण बेअरिंगच्या आतल्या खाचेत सरकतो, पाण्याबरोबर निघून जातो.

माझ्या बाजूने कच्चं एवढंच, की बेअरिंग काढताना दिशेच्या खुणा केल्या नव्हत्या. त्यामुळे दोष बोअरचा की सांध्यांचा, हे पक्कं सांगता येत नाही. पंप पुन्हा वर काढू तेव्हा प्रत्येक सांधा उघडण्याआधी त्यावर रंगाची उभी रेघ ओढणार आहे. लागोपाठच्या बेअरिंगची झिजलेली बाजू एकाच दिशेला निघाली तर बोअर; दर सांध्याला दिशा बदलली तर सांधे तपासायला घेऊ.