सोनं घेता ना? मग एकदा कोलारला जाऊन या

इंदूरच्या सराफ्यात दिवसा तोळ्याचा भाव विचारायचा आणि रात्री त्याच दुकानांसमोर गराडू खायचे, हे आपण सगळेच करतो. तो तोळा जमिनीतून वर कसा येतो हे पाहायला मात्र कोणी जात नाही. बंगळूरला मुलाबाळांकडे जाणाऱ्या मंडळींनी मैसूर-उटीतला एक दिवस कापून कोलारच्या खाणींना द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

बंगळूरहून मारिकुप्पमची गाडी पकडा. वाटेतल्या स्टेशनांची नावं कोरोमंडल, ऊरगाम, चॅम्पियन. सगळी खाणींची. 1880 मध्ये जॉन टेलर ही ब्रिटिश खाण कंपनी इथे आली. 1902 मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज सुमारे दीडशे किलोमीटर तारांवरून या खाणींना मिळाली, बंगळूर शहराच्याही आधी. साहेबांचे प्रशस्त बंगले अजून दिसतात, आणि कामगारांच्या एकखोलीच्या 'लाइन्स'ही. तिथे आजही लोक राहतात.

चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. एवढ्या खोलवर दगडच 60 अंशांच्या वर तापलेला असतो. वरच्या दाबाने तो अचानक फुटायचा आणि माणसं गाडली जायची. शेवटी शेवटी टनभर दगडातून जेमतेम तीन ग्रॅम सोनं निघत होतं, म्हणजे एका तोळ्यासाठी तीन टनांहून जास्त दगड फोडायचा, वर आणायचा, दळायचा. 28 फेब्रुवारी 2001 ला खाण बंद झाली. आता बोगद्यांत पाणी भरलंय आणि गावातले कितीतरी लोक पहाटेच्या गाडीने बंगळूरला कामाला जातात.

'केजीएफ' सिनेमा आल्यापासून तिथे जाणारे वाढलेत, पण बहुतेक जण सायनाइडच्या टेकड्यांवर फोटो काढून परततात. मला याचं फार वाईट वाटतं. त्या टेकड्या म्हणजे सायनाइड वापरून सोनं काढून घेतल्यावर उरलेली दगडाची भुकटी, आणि वारा सुटला की ती लोकांच्या घरात, छातीत जाते. तिथे फोटो काढण्यापेक्षा एखाद्या जुन्या कामगाराजवळ बसा. बहुतेकांची भाषा तमिळ, पण मोडक्या हिंदीत काम भागतं. लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाणीत खाली उतरताना कानांना कसे दडे बसायचे, हे मी अशाच एका आजोबांकडून ऐकलं. आणि बंद शाफ्टच्या, म्हणजे खाणीत उतरायच्या विहिरीसारख्या खोल वाटेच्या, आत कृपा करून शिरू नका.

चालू खाण पाहायची तर रायचूर जिल्ह्यात हट्टी आहे, पण परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खाणकामाच्या खुणा आहेत. दगड आगीने तापवून फोडायचे! त्याच जिल्ह्यात मस्कीला सोनं शोधणाऱ्या एका इंजिनिअरला 1915 मध्ये शिलालेख सापडला. अशोकाचं नाव स्पष्ट कोरलेला. रायचूरपर्यंत गेलात तर तोही चुकवू नका.

माझं मागणं एवढंच की कोलारची एक तरी शाफ्टची इमारत दुरुस्त करून तिथे संग्रहालय व्हावं, आणि जुने खाणकामगार हयात आहेत तोवर त्यांनाच पगारावर गाईड नेमावं. कर्नाटकच्या पर्यटन खात्याला मी तसं पत्र लिहिलंय. तुमच्यापैकी जे बंगळूरला राहतात, त्यांनीही लिहा.