आठशे अर्जांचा प्रश्न नाहीच आहे

नमस्कार,

मुलाखती घेऊन नंतर उमेदवारांना काहीच न कळवणाऱ्या कंपन्यांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे. म्हणून ‘धन्यवाद’ एवढ्यावर सटकत नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एका जागेला आठशे अर्ज येतात, ते बघायला एचआरमधला एकच माणूस आणि त्याच्या डोक्यावर अशा पंधरा जागा. प्रत्येकाला उत्तर देणं शक्यच नाही. उमेदवार तरी कुठे सरळ वागतात, तेही ऑफर घेऊन गायब होतात. आणि माझा लेख म्हणजे काठावर बसून पोहणाऱ्याला नावं ठेवणं.

काठावर मी नाही. मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसत आलोय आणि लेखातला बराचसा राग तिथूनच आलाय.

आठशेंचं म्हणाल, तर त्यांच्याबद्दल माझी तक्रारच नव्हती. त्यांना ठरावीक मजकुराची मेल गेली तरी पुष्कळ. मी लिहिलं होतं ते तीन-चार राउंड पार करून आलेल्या पाच-सहा जणांबद्दल. त्यांचे नंबर तुमच्या फोनमध्ये असतात. पाच जणांना ‘निवड झाली नाही’ एवढं कळवायला मनुष्यबळ कमी पडत नाही. कळवलं जात नाही, कारण बहुतेकदा आत काही ठरलेलंच नसतं. पहिल्या पसंतीच्या माणसाने अजून ऑफर स्वीकारलेली नाही, म्हणून दुसऱ्याला आणि तिसऱ्याला लटकवून ठेवायचं. किंवा बजेटची मंजुरीच अडकलीय आणि ते सांगायला कुणी पुढे येत नाही. दोन्हीकडे ‘प्रोसेस चालू आहे’ हे वाक्य खपून जातं.

हा घोळ जाहिरातीच्याही आधी सुरू होतो. जुना जेडी, म्हणजे कामाचं लेखी वर्णन, उचलून तारीख बदलली जाते. हायरिंग मॅनेजरला स्वतः काम करणारा माणूस हवा असतो, त्याच्या साहेबांना टीम सांभाळणारा, आणि आपल्याला दोन वेगळी माणसं हवी आहेत हे त्या दोघांना चौथ्या उमेदवाराच्या मुलाखतीनंतर उमगतं. मग आधीचे तिघे? होल्डवर.

एका मुलाखतीचं सांगतो. तिसरा राउंड. उमेदवार बाई वेळेआधीच लिंकवर हजर. आमच्यातले दोघे उशिरा आले. एकाची स्क्रीन शेअर झालेली होती, ते त्याच्या लक्षात नव्हतं. त्याने मेल शोधली, सीव्ही डाउनलोड केला, उघडला. हे सगळं समोर दिसत असताना त्या शांतपणे बसून होत्या. मग प्रश्न आला, “स्वतःबद्दल जरा सांगा.” तीच कहाणी त्यांनी तिसऱ्यांदा सांगितली. शनिवार-रविवार घालवून केलेली असाइनमेंट पॅनेलवर कुणी उघडलीही नव्हती. फीडबॅकच्या फॉर्मात त्याच गृहस्थांचा शेरा: ‘एनर्जी कमी वाटली.’

तुम्ही लिहिलंय की अनुभवी माणसाला पाच मिनिटांत कळतं. या विश्वासाविरुद्ध संशोधन बऱ्यापैकी स्पष्ट आहे. निवडीच्या पद्धतींवरच्या जुन्या अभ्यासांची मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये फेरतपासणी केली. सगळ्यांना तेच प्रश्न आणि ठरलेल्या निकषांवर गुण, अशी मुलाखत पुढच्या कामगिरीचा अंदाज देण्यात यादीत सर्वांत वर आली. मनाला येईल ते विचारण्याची पद्धत तिच्या निम्म्यानेही उपयोगी ठरली नाही. आणि राउंड वाढवूनही फारसं हाती लागत नाही. गूगलने आपल्याच मुलाखती तपासल्या तेव्हा चार मुलाखतींत निर्णयाची खात्री ८६ टक्क्यांवर पोहोचत होती, पाचवीपासून पुढे भर नगण्य.

या सगळ्याची किंमत उमेदवार भरतो. सध्याच्या ऑफिसात काहीतरी थाप मारून वेळ काढायचा, हातातली दुसरी ऑफर ‘यांचं कळेल’ म्हणून ताणायची आणि ती सुटली की गप्प बसायचं. नकार मिळाला तर माणूस दोन दिवस कुढतो आणि कामाला लागतो. काहीच कळलं नाही तर महिनाभर स्वतःचीच उत्तरं उगाळत बसतो.

उत्तर देणं शक्यच नाही म्हणता? कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून हा कायदाच आहे. २५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने जाहीर केलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली, तर निर्णय झाला की नाही हे शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांत उमेदवाराला कळवावं लागतं. जागा खरोखर रिकामी आहे का, हेही जाहिरातीत सांगावं लागतं. लक्षात घ्या, कायदासुद्धा आठशेंना उत्तर द्या म्हणत नाही. मुलाखत झालेल्यांना द्या, एवढंच म्हणतो.

ऑफर घेऊन न येणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद करणं वाईटच. पण जॉइनिंगच्या तोंडावर ऑफर मागे घेतलेली ज्याने पाहिलीय, तो पुढच्या वेळी दोन ऑफर हातात ठेवणारच. त्याला दोष देताना माझी जीभ जरा अडखळते.

तुमच्या जागी मी काय केलं असतं, असं विचारलंत. नेमकं काय काम, किती राउंड, कोण काय विचारणार आणि शेवटचा शब्द कुणाचा, हे मॅनेजरने लिहून दिल्याशिवाय जाहिरात टाकली नसती. तेवढा अधिकार एचआरला नसतो, हेही तुम्हीच लिहिलंय, आणि तिथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. फीडबॅक न देणाऱ्या मॅनेजरमागे धावायचं एचआरने आणि शिव्याही खायच्या एचआरनेच. पुढचा लेख त्या मॅनेजर मंडळींवर लिहायचं डोक्यात आहे. तुमच्याकडचे किस्से असतील तर नावं गाळून जरूर पाठवा.