केईएमने कुणाचं काही चोरलं नाही

कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींवरचा तो टेस्ट ट्यूब बेबीचा फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय. या वेळी तो आमच्या आत्यापर्यंत पोचला. आत्या मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधून निवृत्त झालेली सिस्टर. पाठवणाऱ्या भाच्याने वर विचारलंय, "तुमच्या हॉस्पिटलने ढापलं होतं म्हणे हे?" ती दोन दिवस धुसफुसत होती. म्हणून हे लिहितोय.

फॉरवर्डचं म्हणणं असं: जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी कोलकात्यात जन्मली, इंग्रजांनी तंत्र पळवून नोबेल लाटलं, मुखर्जींना एक पेपरसुद्धा छापू दिला नाही, आणि शेवटी मुंबईकरांनी त्यांचं काम दडपून 'भारतातली पहिली' हा मान आपल्या नावावर केला.

जगातली पहिली? लुईझ ब्राउन 25 जुलै 1978 ला इंग्लंडात ओल्डहॅमला जन्मली, मुखर्जींच्या प्रयोगातून झालेली कोलकात्याची दुर्गा त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला. विषय संपला.

नोबेलची चोरी. लुईझच्या जन्मामागचे शास्त्रज्ञ आणि हे नोबेल मिळालेले रॉबर्ट एडवर्ड्स, त्यांचा शरीराबाहेरच्या फलनावरचा पेपर 'नेचर'मध्ये 1969 सालचा आहे. शिवाय दोघांच्या पद्धती वेगळ्या. लुईझच्या वेळी नैसर्गिक पाळीतलं एकच बीजांड लॅपरोस्कोपीने (पोटाला बारीक छेद देऊन दुर्बिणीने) काढलं, भ्रूण ताजाच आत सोडला. मुखर्जींनी हार्मोनची इंजेक्शनं देऊन जास्त बीजांडं मिळवली, ती योनीमार्गाने काढली, भ्रूण गोठवून ठेवला आणि नंतरच्या पाळीत गर्भाशयात सोडला. जे एडवर्ड्सनी केलंच नाही, ते चोरलं कसं? आणि गोठवलेल्या भ्रूणापासून मूल झाल्याची पुढची नोंद थेट 1984 ची, ऑस्ट्रेलियातली. मुखर्जींचं मोठेपण इथे आहे, आणि फॉरवर्डमध्ये नेमकी याचीच एक ओळ नाही.

पेपर छापू दिला नाही, हेही चूक. 'इंडियन जर्नल ऑफ क्रायोजेनिक्स'मध्ये 1978 सालीच त्यांचं छोटं टिपण आलं. आता क्रायोजेनिक्सचं, म्हणजे अतिथंड तापमानाच्या शास्त्राचं नियतकालिक कुठला स्त्रीरोगतज्ज्ञ उघडून बघतो, हा प्रश्न रास्त आहे. सविस्तर पेपर झाला नाही, हेही खरं. पण माणूस कच्चा नव्हता. प्रजनन शरीरशास्त्रात कोलकात्याची पीएचडी, वर एडिनबर्गला हार्मोनवर दुसरी.

आता मुंबई. जिला तेव्हा भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी मानलं गेलं, ती हर्षा 6 ऑगस्ट 1986 ला केईएममध्ये जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं ते काम. याच आनंद कुमारांच्या हाती 1997 साली कोलकात्यात मुखर्जींची कागदपत्रं आली. त्यांनी हस्तलिखित टिपणं बारकाईने तपासली आणि एप्रिल 1997 च्या 'करंट सायन्स'मध्ये लेख लिहून जाहीर केलं की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार सुभाष मुखर्जी आहेत. म्हणजे अकरा वर्षं स्वतःच्या चमूकडे असलेला मान त्यांनी आपल्या हाताने, छापील नियतकालिकात, परत केला. त्यासाठी कोर्टबाजी झाली नव्हती. मुखर्जींचं नाव आज तुमच्या मोबाइलवर फिरतंय ते मुख्यतः या लेखामुळे, आणि ते फिरवताना शिव्या त्याच माणसाच्या चमूला! कमाल आहे. लेख नेटवर फुकट वाचायला मिळतो.

छळ झाला, हे मात्र मान्य करावंच लागतं. पण तो कुणी केला? पश्चिम बंगाल सरकारने नोव्हेंबर 1978 मध्ये चौकशी समिती नेमली, तिचे अध्यक्ष रेडिओफिजिक्सचे, म्हणजे रेडिओ लहरींच्या भौतिकशास्त्राचे. समितीने दावा खोटा ठरवला. जपानला जायची परवानगी सरकारने नाकारली. हार्मोनवर आयुष्य घालवलेल्या माणसाची बदली केली ती डोळ्यांच्या संस्थेत. 19 जून 1981 ला त्यांनी आत्महत्या केली. तेव्हा हर्षाच्या जन्माला अजून पाच वर्षं होती. परळमध्ये बसून त्यांना दडपलं कुणी, कधी, ते फॉरवर्डवाल्यांनीच सांगावं.