कॉम्प्रेशन गेला हा

बंदूक मंदावली, असं देवगडात मोठ्यानं बोलू नये. ऐकणारा प्रत्येक जण हातातलं काम टाकून येतो आणि आपापल्या धंद्यातला बिघाड तिच्यात शोधून काढतो.

बंदूक म्हणजे तरी काय, धाकट्या लेकीची सरावाची एअर रायफल. नळी मोडून स्प्रिंग ताणायची, छर्रा घालायचा, नळी मिटायची. बोअर, म्हणजे नळीचं भोक, ०.१७७ इंच, जोर २० ज्यूलच्या आत, म्हणून परवाना लागत नाही. सल्ला द्यायलाही लागत नाही, हा त्यातला तोटा. मागच्या पडवीत दहा मीटरवर चिंध्या ठासून भरलेली आंब्याची पेटी, तिच्यामागे चिऱ्याची भिंत आणि पेटीवर कागद. त्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो छपाईचा दोष वाटला होता.

पावसाळा सरला आणि छर्रे खाली उतरायला लागले. लेक गप्प, मी बेचैन. २०० मीटर प्रति सेकंद वेगानं निघालेल्या छर्र्याला दहा मीटर जायला सेकंदाचा विसावा भाग लागतो, आणि तेवढ्यात तो सव्वा सेंटीमीटर खाली येतो. वेग १५० वर आला की दोन सेंटीमीटरच्याही खाली. कागदावर गुणांच्या दोन कड्यांमध्ये अंतर अडीच मिलिमीटर, म्हणजे दहाचे थेट सहा! नेम धरायची साइट वर उचलून नेम जुळवता येतो, पण वेग रोज निराळा असेल तर साइट तरी किती वेळा उचलणार?

पहिले आले शेजारचे आबा. त्यांच्या वडिलांकडे डुकरांपासून शेत राखायला ठासणीची बंदूक होती, त्यामुळे बंदूक या विषयावर वाडीत शेवटचा शब्द त्यांचा.

"दारू सर्दली असतली. चुलीवरच्या माळ्यार ठेय दोन दिस."

"आबानू, हेच्यात दारू नसता. वाऱ्यान उडता."

आबांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "वाऱ्यान आंबे पडतत. बंदूक वाजणा नाय."

यावर उत्तर नव्हतं. (बंदुकीची दारू चुलीवर वाळवण्याच्या परंपरेबद्दल मी बोलत नाही. आबांच्या माजघराचं छप्पर बाकीच्या घरापेक्षा बरंच नवं आहे, एवढंच सांगतो.)

मग रत्नागिरीच्या एका नेमबाज मित्राकडून छर्र्याचा वेग मोजायचा क्रोनोग्राफ आणला. या यंत्राला दोन डोळे असतात. छर्र्याची सावली पहिल्यावर पडली की घड्याळ चालू, दुसऱ्यावर पडली की बंद. फूटभर अंतर कापायला लागलेल्या दीड-दोन हजारांश सेकंदावरून ते वेग सांगतं. आमच्या पडवीत त्यानं पहिल्यांदा ९८ सांगितला, मग ४१२, मग नुसतं 'एरर'. ४१२ म्हणजे आवाजापेक्षा जलद. लेकीच्या रायफलीनं ध्वनीची भिंत फोडली असती तर आबांना नक्की ऐकू आलं असतं.

दोष ट्यूबलाइटचा होता. ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मिचमिचते. आपल्याला ते दिसत नाही, पण यंत्राला प्रत्येक मिचमिच सावलीसारखी वाटते. क्रोनोग्राफ खळ्यात नेला, तर वरून रखरखीत ऊन. त्याला मऊ, सारखा पसरलेला उजेड लागतो. अखेर चार बांबू रोवून वर माझं पांढरं धोतर ताणलं. पोस्टमननं "सत्यनारायण आसा काय?" असं विचारलं. बायकोनं "होय" म्हणून त्याला वाटेला लावलं.

धोतराखाली यंत्र शहाण्यासारखं बोलायला लागलं. १५८, १५४, १६१. खोक्यावर छापलेलं २२५. खोक्यावरचा आकडा मी तसाही मनावर घेत नाही. तो हलक्यात हलका छर्रा घालून काढलेला असतो. म्हणून छर्रे पाहिले. डबीत दोन जाती मिसळल्या होत्या, काही अर्ध्या ग्रॅमचे, काही त्याहून बरेच जड. जड छर्रा तेवढ्याच जोरात सावकाश जाणार, त्यात बंदुकीचा काय दोष? काहींच्या बुडाचा घेर चेपला होता, काहींवर दमट हवेनं पांढरी पूड धरली होती. निवडून, तांदूळ पाखडावेत तसे वेगळे केले. नळीतून फडकं फिरवलं, त्यावर खाऱ्या हवेचा तांबूस गंज आला. एवढं करून आकडा १६४ वर गेला आणि तिथंच बसला.

आता बंदरावरचे मिस्त्री आले. ट्रॉलरच्या इंजिनांची त्यांना अशी सवय, की बोलताना समोरच्याच्या छातीवरही कान लावतील असं वाटतं. त्यांनी नळी मोडली, भोकावर अंगठा ठेवला, जरा विचार केला.

"कॉम्प्रेशन गेला हा."

म्हणजे हवेचा दाब टिकत नाही. आणि कुणी काही म्हणायच्या आत खिशातल्या कुपीतून तेलाचे थेंब भोकात सोडले. लेकीनं नेम धरला. फटाकीसारखा आवाज, नळीतून निळसर धूर, क्रोनोग्राफवर २६२! खळ्यात टाळ्या. आबा उठून उभे राहिले. "दारू नाय म्हणी!"

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एकट्या मिस्त्रींनी. "ह्यां डिझेल झाला," ते पुटपुटले. खरंच तसंच होतं. स्प्रिंग सुटून आतल्या दट्ट्यानं हवा दाबली की ती तापते आणि तेल पेट घेतं. त्यांच्या इंजिनात स्पार्क प्लग नसूनही आग लागते ती याच न्यायानं. पण इंजिनात ते काम असतं, इथे तो उपद्रव. सील जळतं, स्प्रिंगला हिसके बसतात, आणि वेगाला धरबंध राहत नाही. पुढचे आकडे २४०, १७१, २०५. तेल जळून संपलं तसा पुन्हा १६० च्या आसपास. आबांचा मात्र धुरावर जो विश्वास बसला तो बसलाच.

मिस्त्रींनी कागदी रुमालाची पट्टी मागितली. नळी आणि सिलिंडर जिथे मिटतात त्या सांध्यावर ती अलगद ठेवली. लेकीनं छर्रा सोडला आणि पट्टी टुणकन उडाली. हवा छर्र्याच्या मागे लागायची सोडून फटीतून बाहेर पडत होती. सांध्यातली रबराची कडी टोकदार चिमट्यानं काढली. बोटाच्या नखाएवढी, एका बाजूनं चपटी झालेली, दुमडली की कडेला बारीक चिरा दिसत होत्या. एवढ्याशा वस्तूनं आमच्या घराची शांतता घालवली होती.

तशी कडी देवगडात कुठे मिळणार? मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या फवारणी पंपाच्या सुट्या भागांची डबी उपडी केली. कलमांवर औषध मारायच्या पंपाच्या ओ-रिंगा त्यांनी एकेक करून बसवून पाहिल्या. एक बसली, पण सैल. तिच्याखाली पातळ पत्र्याची चकती कापून घातली. आता कागदाची पट्टी हलेना. १९१, १९३, १९२. खोक्यावरचा २२५ नाहीच आला, पण लेक म्हणाली, "बाबा, सारखं येतंय ना, बस." तिनं साइट जुळवली आणि आम्हा सगळ्यांना पडवीतून हाकललं.

क्रोनोग्राफ परत पाठवायचा आहे, पण तो अजून खळ्यात धोतराखालीच आहे. वाडीतल्या अंडरआर्म क्रिकेट टीमच्या मुलांनी तो ताब्यात घेतलाय. त्यांच्यातला एक जण हट्टानं वरून हात फिरवून टेनिस बॉल टाकतो. त्याच्या चेंडूचा आकडा २७ आला आणि पोरगं पार हिरमुसलं. मी समजावलं, अरे, हे मीटर प्रति सेकंद आहे, ताशी किलोमीटर करायला ३.६ नं गुण. त्यानं मातीत काडीनं गुणाकार केला, ९७ आले, आणि आता तो शाळेत जायच्या आधी रोज येतो.