बेंटहाइमची टेकडी आणि हारलेमचं आभाळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

उत्तर द्यायला आठवडा लागला. तुमचे मुद्दे वरवर उत्तर देऊन सोडून देण्यासारखे नव्हते.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सतराव्या शतकातल्या डच निसर्गचित्रांवरच्या लेखात मी लिहिलं होतं की, या चित्रकारांनी देवादिकांच्या कथा बाजूला सारल्या आणि जसं दिसलं तसं रंगवलं. त्यावर तुमचं म्हणणं असं: याकोब व्हान राउसडालने रंगवलेला बेंटहाइमचा किल्ला प्रत्यक्षात तेवढ्या उंचीवर नाही, त्याच्या ‘ज्यू दफनभूमी’ या चित्रातले भग्नावशेष आणि ओढा त्या जागी नव्हतेच, मग ‘जसं दिसलं तसं’ कुठे राहिलं? दुसरं, ही चित्रं धनिकांच्या दिवाणखान्यासाठी रचलेली खोटी शांतता आहे आणि राबणारी माणसं त्यातून पुसून टाकली आहेत. तिसरं, तुमच्या वेंगुर्ल्यात डच वखारीच्या भिंती अजून उभ्या असताना, हा पैसा कुठून आला याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

पहिल्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. ते वाक्य चुकीचं होतं. राउसडाल १६५० च्या सुमारास, विशीत असताना, सरहद्दीपलीकडे, आजच्या जर्मनीतल्या वेस्टफालियात गेला आणि तिथे त्याने हा किल्ला पाहिला. पुढे त्याने तो डझनाहून अधिक वेळा रंगवला. डब्लिनला असलेल्या १६५३ च्या चित्रात तर किल्ला दाट झाडीने भरलेल्या डोंगराच्या माथ्यावर आहे. प्रत्यक्षात ती एक बेताची टेकडी आहे. (याच बेंटहाइमच्या खाणींतला वालुकाश्म ॲमस्टरडॅमच्या नव्या नगरभवनाला लागला. म्हणजे त्या टेकडीचा दगड शहरातल्या माणसाच्या रोज नजरेस पडत होता.) दफनभूमीचंही तसंच. ॲमस्टरडॅमजवळच्या आउडरकेर्क गावातली पोर्तुगीज ज्यूंची ही दफनभूमी खरी, तिथली थडगी खरी. राउसडालने त्यांची जागेवर केलेली रेखाटनं हारलेमच्या टायलर्स संग्रहालयात आहेत. त्यातलं एक थडगं फ्रान्सच्या राणीचे वैद्य एलियाहू मोंताल्तो यांचं आहे, हेही ओळखता येतं. पण चित्रातलं पडकं देवालय, फेसाळता ओढा, वठलेलं झाड आणि इंद्रधनुष्य हे सगळं त्याने तिथे आणून बसवलं. आउडरकेर्कची जमीन हाताच्या तळव्यासारखी सपाट आहे.

इथवर आपलं एकमत आहे. पण ‘म्हणून ही चित्रं खोटी’ हा तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही.

त्या काळच्या डच चित्रकारांकडे या गोष्टीसाठी दोन वेगळे शब्द होते. कारेल व्हान मांडर या चित्रकार-लेखकाने १६०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ते वारंवार येतात. एकाचा अर्थ ‘समोर पाहून’, दुसऱ्याचा अर्थ ‘मनातून’. तरुण चित्रकारांनी पहाटे उठून शहराबाहेर पडावं, डोळे भरून पाहावं आणि रेखाटावं, असं तो सांगतो. आणि तोच पुढे सांगतो की पाहिलेलं मनात साठवून त्यातून चित्र रचता आलं पाहिजे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या कोणालाही ही विभागणी परकी वाटू नये. वस्तुचित्राचा पेपर वेगळा, स्मरणचित्राचा वेगळा, आणि स्मरणचित्र काढणाऱ्या मुलाला कोणी खोटारडा म्हणत नाही.

राउसडाल काय किंवा त्याच्या आधीच्या पिढीतला निसर्गचित्रकार यान व्हान गोयेन काय, बाहेर जाताना काळा खडू आणि वही नेत. तैलरंगाचं काम घरी, चित्रशाळेत होई. तैलरंग सहज सोबत नेता येईल अशी पत्र्याची रंगनळी आली १८४१ मध्ये. त्याआधी बाहेर बसून तैलरंगात अभ्यासचित्रं करणारे काही होते, पण पूर्ण चित्र उघड्यावर बसून करायचं ही रीत पुढची आहे. ती आपल्या डोळ्यांत इतकी मुरली आहे की जागेवर केलेलं तेवढं खरं आणि घरी केलेलं बनावट, असं आपण धरून चालतो. माझ्या त्या वाक्यातली चूक याच सवयीतून आली. आणि स्पष्ट बोलायचं तर तुमचा आक्षेपही त्याच सवयीतून आला आहे.

मग राउसडालच्या चित्रात खरं काय आहे? त्याचं झाड पाहा. त्याच्या आधीच्या पिढीतल्या कित्येकांच्या चित्रांत झाड म्हणजे पानांचा पुंजका. राउसडालचा ओक ओक म्हणून ओळखू येतो. साल कुठे उकलली आहे, फांदी कुठून मोडली आहे, मूळ कुठे उघडं पडलं आहे, हे त्याने पाहिलेलं आहे. ढग पाहा. त्यांच्या पोटात ओल आहे, कडेला उजेड आहे आणि त्यांची सावली खाली नेमक्या शेतावर पडली आहे. टेकडी त्याने वाढवली, पण त्या टेकडीवर ऊन कसं पडेल यात लबाडी केली नाही. मला हा फरक मोलाचा वाटतो. जर्मन कवी गटेने १८१६ मध्ये राउसडालवर निबंध लिहिला तो त्याला कवी ठरवूनच, आणि त्यात ही दफनभूमी आहे.

आता राबणाऱ्या माणसांबद्दल. इथे तुम्ही उदाहरण दिलं नाही, म्हणून मी देतो. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात राउसडालचं १६७० नंतरच्या काही वर्षांतलं ‘हारलेमचं दृश्य’ आहे. आकाराने लहान, दोन फुटांच्या आतबाहेर. दोन तृतीयांश भाग नुसतं आभाळ. खाली क्षितिजावर शहराची बारीक रेघ आणि तिच्यातून वर आलेलं सेंट बाव्होचं प्रचंड देऊळ. पण ढगातून आलेला उजेड देवळावर थांबत नाही, तो पुढच्या मैदानावर पडतो. तिथे हिरवळीवर पांढऱ्या पट्ट्या अंथरल्या आहेत. ते लिननचं, म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड आहे. हारलेमच्या वाळूच्या टेकड्यांतून येणारं स्वच्छ पाणी कापड शुभ्र करण्याच्या धंद्याला सोयीचं होतं. खारात उकळायचं, ताकात भिजवायचं, धुवायचं आणि उन्हात गवतावर पसरायचं, असं कित्येक आठवडे. चित्रात हे काम करणारी माणसं आहेत. मुंगीएवढी आहेत, पण आहेत. शहराची भाकरी ज्या कामावर चालते त्यावर चित्रकाराने उजेड टाकला आहे. याला पुसून टाकणं कसं म्हणायचं?

मात्र तुमच्या बाजूचा याहून भक्कम पुरावा आहे, आणि तो मी लपवणार नाही. १६१२ मध्ये बेमस्टर हे अख्खं सरोवर पवनचक्क्यांनी उपसून कोरडं केलं गेलं. सुमारे सात हजार हेक्टर नवी जमीन निघाली, ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी त्यात पैसा घातला, रेघेवर रेघ मारावी तशी शेतं आखली गेली. १६३२ मध्ये ॲमस्टरडॅम ते हारलेम सरळसोट कालवा खणला आणि घोड्याने ओढलेल्या प्रवासी नावा वेळापत्रकाने धावू लागल्या. साऱ्या युरोपला नवल वाटावं अशी ही कामं. चित्रकारांच्या दारातून तो कालवा जात होता. आणि त्यांनी काय रंगवलं? वाळूच्या टेकड्या, चाकोऱ्या पडलेला जुना रस्ता, कललेली झोपडी, वळणं घेत जाणारी नदी. नव्या जमिनीचं आणि सरळ कालव्याचं चित्र क्वचितच सापडतं. देश झपाट्याने बदलत होता आणि चित्र विकत घेणाऱ्याला भिंतीवर न बदललेला देश हवा होता, असं मला वाटतं. तुम्ही ‘खोटी शांतता’ म्हणालात ती शोधायची तर इथे शोधायला हवी. बेंटहाइमच्या टेकडीत ती नाही.

‘धनिकांची सजावट’ हे मात्र अर्धवट खरं आहे. मोठे व्यापारी मोठी चित्रं घेत, हे आहेच. पण व्हान गोयेनची कामाची रीत पाहा. ओकच्या फळीवर पातळ रंग, तोही माती-राखेच्या छटांचा, म्हणजे स्वस्त. ओल्यावर ओलं, झपाझप. कित्येक चित्रांत रंगाखालून लाकडाचे रेषे दिसतात आणि तेच पाणी किंवा आभाळ होऊन बसतात. बाराशेच्या आसपास चित्रं त्याच्या नावावर आहेत. एवढी चित्रं सरदार-दरकदारांसाठी होत नाहीत. ती जत्रेत, दुकानात, सोडतीत विकली जात. जॉन एव्हलिन हा इंग्रज प्रवासी १६४१ मध्ये रॉटरडॅमच्या जत्रेत निसर्गचित्रांची रेलचेल पाहून थक्क झाला होता. शेतकरीही चित्रांत पैसे गुंतवतात, असं त्याने लिहून ठेवलं. त्याने दिलेले आकडे फुगवलेले आहेत, पण चित्रं बाजारात होती ही गोष्ट खरी. व्हान गोयेन स्वतः धनिक नव्हता. १६३७ च्या सुरुवातीला त्याने ट्युलिपच्या कंदांत पैसा घातला, लगेच तो बाजार कोसळला आणि १६५६ मध्ये तो कर्ज मागे ठेवून वारला. चित्रकला जिथे पोप किंवा राजा यांच्या हुकमावर चालत होती तिथे निसर्गचित्र स्वतःच्या पायावर उभं राहायला फार झगडावं लागलं. हॉलंडमध्ये ते उभं राहिलं, कारण विकत घेणारे पुष्कळ होते आणि त्यांना मांडायला छोटी भिंत होती.

राहिला पैशाचा प्रश्न. वेंगुर्ल्याची वखार डच ईस्ट इंडिया कंपनीची. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना तिथून रसद मिळे. त्याच सुमारास दुसरी डच कंपनी, वेस्ट इंडिया कंपनी, त्याच पोर्तुगीजांशी ब्राझीलमध्ये उसाच्या मळ्यांसाठी लढत होती. तिने पाठवलेला योहान मॉरित्स १६३७ च्या जानेवारीत तिथे गव्हर्नर म्हणून पोचला. मळ्यांना मजूर हवेत म्हणून त्याने त्याच वर्षी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा एल्मिना किल्ला जिंकून घेतला, गुलामांच्या व्यापारासाठी. हेगला त्याने घर बांधलं तेच आजचं मॉरित्सहाउस. लोक त्याला साखरेचं घर म्हणत. हारलेमचं ते दृश्य, ती ताकात धुतलेली शुभ्र कापडं, आज त्या घरात टांगलेली आहेत. माझ्या लेखात मी त्या संग्रहालयाचं नाव दोनदा घेतलं आणि ते कोणाचं घर होतं हे सांगितलं नाही. हे मला खरोखर लागलं.

आणखी एक नाव मी गाळलं होतं: फ्रान्स पोस्ट. हा हारलेमचा निसर्गचित्रकार योहान मॉरित्सबरोबर ब्राझीलला गेला. १६३७ चं त्याचं इतामाराका बेटाचं चित्र अगदी हारलेमच्या रीतीचं आहे: सखल क्षितिज, मोठं आभाळ, संथ पाणी. १६४४ मध्ये परतल्यावर हारलेममध्ये बसून त्याने पुढची कित्येक वर्षं ब्राझीलच रंगवलं, मनातून. त्या चित्रांत साखरेचे घाणे आहेत, गुलाम आहेत. डोक्यावर टोपल्या घेऊन ते मऊ उजेडात निवांत चालतात. घाण्यातली आग नाही, चाबूक नाही. तुम्ही राउसडालवर केलेला आरोप मी पोस्टवर बिनशर्त मान्य करतो. इथे चित्रकाराने टेकडी वाढवलेली नाही, माणसांच्या अंगावरचे वळ पुसले आहेत. ‘मनातून’ रंगवण्याचा हाही उपयोग होतो, आणि तो मी लेखात सांगायला हवा होता.

लेखातलं ते वाक्य आज काढून टाकलं आहे. पोस्टवरचा भाग लिहायला घेतला आहे. त्याला १६८० मध्ये हारलेमच्या सेंट बाव्होत पुरलं, आणि दोन वर्षांनी राउसडालला तिथेच.