खुलासा : स्क्रिप्ट चालत नाही, यात कॅशेचा दोष नाही

लातूर-नांदेडकडच्या वेब डेव्हलपरांच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय : सोयाबीनच्या भावाचा तक्ता फेचने (सर्व्हरवरून मजकूर मागवणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) आणून पानात टाकला, पण त्यातली स्क्रिप्ट चालली नाही, तर कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या जुन्या फाइली) साफ करा. हे चूक आहे. इनरएचटीएमएलने, म्हणजे आलेला मजकूर एचटीएमएल म्हणून पानात भरण्याच्या सोयीने, टाकलेला स्क्रिप्ट टॅग ब्राउझर चालवतच नाही. एचटीएमएलचा नियमच तसा आहे. कन्सोलमध्ये (ब्राउझरची चुका दाखवणारी खिडकी) एररही येत नाही, म्हणून माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

उपाय असा : क्रिएटएलिमेंटने (नवा टॅग बनवणारं फंक्शन) नवा स्क्रिप्ट टॅग बनवा, सगळे अॅट्रिब्यूट आणि आतला कोड त्यात उतरवा, मग न चाललेल्या जुन्या टॅगच्या जागी ठेवा. बाहेरच्या फाइली क्रमानेच चालायला हव्या असतील तर प्रत्येकीच्या टॅगचा असिंक (क्रमाची वाट न पाहता चालण्याचा गुण) फॉल्स करा, नाहीतर आधी डाउनलोड होईल ती आधी चालेल. डीओएमकंटेंटलोडेडवर (पानाचं एचटीएमएल वाचून झाल्याची घटना) विसंबलेला कोड मात्र तरीही गप्पच राहील, कारण ती घटना तोवर होऊन गेलेली असते. त्या घटनेची वाट पाहणारं फंक्शन थेट बोलवा.